चूक सांगणारे मूल घडवू या



एरवी मी तुमच्याशी खते, बियाणी आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज मुलांविषयी बोलणार आहे. साहेबांनी विषय बदलला असे वाटेल, पण हा विषयही पेरणीचाच आहे.

मागे एका गावातून निरोप आला. कपाशीची पाने आकसून भेंडीच्या पानांसारखी झाली होती. मी शेतावर गेलो. पाने पाहताच तणनाशकाचा संशय आला. "टू-फोर-डी मारलेला पंप न धुता वापरला का?" असे मी विचारले. घरधनी म्हणाले, "छे हो साहेब, पंप स्वच्छ होता." बांधावर त्यांची सातवीतली मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, आपण उसातला पंप आणला होता ना?" आबांनी तिच्याकडे असे काही पाहिले, की पोरीने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

खरा प्रकार नंतर कळला. पहिल्या दिवशी निम्म्या रानात फवारणी झाली होती. तीन-चार दिवसांत पाने आकसू लागली. काहीतरी चुकले हे आबांना तेव्हाच कळले होते. पण लोक हसतील म्हणून ते कुणाला बोलले नाहीत, आणि राहिलेल्या निम्म्या रानात पुन्हा तोच पंप चालवला. चूक सांगितली असती, तर निम्मे रान वाचले असते.

त्या दिवशी कपाशीपेक्षा मला त्या मुलीची काळजी जास्त वाटली. ती खरे बोलली आणि तिला वटारलेले डोळे पाहावे लागले. पुढच्या वेळी ती बोलेल का? शाळेच्या भिंतीवर "नेहमी खरे बोलावे" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मूल मात्र भिंतीवरून शिकत नाही. खरे बोलल्यावर काय होते हे ते पाहते, आणि त्यावरून शिकते.

गिरणगावातली माझी शाळा

हे मी दुसऱ्याचे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः या परीक्षेत नापास झालेला माणूस आहे.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. गाव सातारा जिल्ह्यात, पण माझे बालपण लालबाग-परळच्या चाळीत गेले. एका खोलीत आम्ही सहा माणसे. पाळीचा भोंगा झाला की चाळ जागी व्हायची. मी जवळच्या शाळेत जात होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण तशा शाळा तेव्हा सगळीकडेच होत्या. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिला जाई आणि आम्ही तो वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेत असू. सत्य, श्रम, शिस्त, शील. वही भरली की नवी वही. त्या सुविचाराचे पुढे काय करायचे, हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही.

सहावीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. एक दिवस पृथ्वीचा गोल कपाटात ठेवताना तो माझ्या हातून पडला आणि त्याला तडा गेला. वर्गात तेव्हा कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, "कुणी फोडला?" मी गप्प बसलो. माझ्या बाकावर बसणारा माझा सोबती खोडकर म्हणून प्रसिद्ध होता. गुरुजींनी त्यालाच उभे केले. तो "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला आणि छड्या खात राहिला. त्या दिवशीचा सुविचार माझ्या वहीत लिहिलेला होता, आणि माझे अक्षर वर्गात सगळ्यात चांगले होते.

पुढे सांगू, उद्या सांगू, असे करता करता १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आशेवर गेले, मग चाळीतली बिऱ्हाडे एकेक करून गावाकडे निघाली. माझा सोबती कोकणात गेला, आम्ही साताऱ्याकडे आलो. त्याची पुन्हा भेट झाली नाही. पुढे मी शेतकी शिकलो, बी.एस्सी. झालो, नोकरीत तीस वर्षे काढली. पण तो पृथ्वीचा गोल अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी वाईट मुलगा नव्हतो. खरे बोलावे हे मला चांगले ठाऊक होते. पण खरे बोलण्याची सवय मला कुणी लावली नव्हती, आणि छडीची भीती मात्र रोजची होती. ठाऊक असणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. पुस्तक वाचून औत धरता येत नाही, तसेच हे आहे.

दादरचे शिशुविहार

मला मोठेपणी एका गोष्टीचे फार नवल वाटले. आमच्या त्या चाळीपासून तास-अर्ध्या तासाच्या वाटेवर, दादरच्या हिंदू कॉलनीत, या प्रश्नाचे उत्तर कितीतरी वर्षे आधी कुणीतरी शोधून ठेवले होते. बाबासाहेब आंबेडकरांचे राजगृह ज्या हिंदू कॉलनीत आहे, तिथेच ताराबाई मोडक यांचे शिशुविहार १९३६ साली सुरू झाले.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. त्या काळी बायका शाळेचे तोंड क्वचितच पाहत, तेव्हा त्या बी.ए. झाल्या. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या सरकारी संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. तिथली मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले. मारणार नाही, ओरडणार नाही, मुलाला आपल्या हाताने काम करू देईन, असा तिथला रिवाज होता. या दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्याच संघाचे काम ताराबाईंनी दादरला आणले. लहान मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकांना मराठीतून तयार करण्याची सोयही तिथे झाली.

या सगळ्यामागे इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत होती. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालघर १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत उघडले होते. आईबाप कामावर आणि पोरे जिन्यात, अशी ती वस्ती होती. आमच्या लालबाग-परळची ती मावसबहीणच म्हणायची. माँटेसरीबाई पुढे १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि मद्रासच्या अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले.

चूक दाखवणारा ठोकळा

या पद्धतीतली एक साधी वस्तू सांगतो. एक लांबट लाकडी ठोकळा असतो. त्यात दहा खळगे आणि त्या खळग्यांत बसणाऱ्या दहा लाकडी गोल खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी वेगळ्या मापाची. मूल सगळ्या खुंट्या बाहेर काढते, मिसळते आणि पुन्हा जागच्या जागी बसवते. बारीक खुंटी मोठ्या खळग्यात गेली, तर शेवटी एक जाड खुंटी उरते आणि ती कुठेच बसत नाही. चूक झाली हे मुलाला तो ठोकळाच सांगतो. बाई बोलत नाहीत, मुले हसत नाहीत, छडी येत नाही. मूल स्वतःच डोके खाजवते, खुंट्या काढते आणि पुन्हा बसवते. शेवटची खुंटी बसली की त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो बक्षिसाच्या पेढ्याने येत नाही.

यातली मेख लक्षात घ्या. त्या मुलाला कुणी "प्रामाणिक हो" म्हटलेले नाही. पण चूक पाहायची, मान्य करायची आणि सुधारायची, या तीन पायऱ्या ते रोज चढते. चूक म्हणजे अपमान नव्हे, ती कामाचाच एक भाग आहे, हे त्याच्या हाताला कळते. शील म्हणतात त्याची सुरुवात इथे आहे.

अशा शाळेत दुसरे शिक्षण घरकामाचे असते. एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे, गुंड्या लावणे, झाडणे, ताट वाढणे. पाणी सांडले तर फडके ठरलेल्या जागी असते आणि सांडणारानेच पुसायचे असते. त्यावर कुणी बोलत नाही. तिसरा असतो शांततेचा खेळ. सगळी मुले डोळे मिटून बसतात. बाई दूर उभ्या राहून एकेकाचे नाव अगदी हळू घेतात. ज्याचे नाव आले त्याने पाय न वाजवता उठून जायचे. आपले नाव येईपर्यंत धीर धरायचा. दांडगे पोरही या खेळात स्वतःला आवरते, कारण आवरायला त्याला कुणी सांगितलेले नसते.

दादरहून बोर्डीला

आता ही गोष्ट आपल्याकडे, म्हणजे खेड्याकडे वळते.

दादरचे शिशुविहार चांगले चालले होते. पण तिथे येणारी मुले शहरातल्या सुशिक्षित घरांतली आणि साहित्य महागडे. हे शिक्षण शहरापुरतेच राहिले तर उपयोग काय, खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत ते जाईल का, हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. लहानपणीच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली, आणि पुढचे सारे आयुष्य तिने या कामाला दिले.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, अंगावर धड कपडा नाही, मग शाळेत कोण येणार? ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. आपलेच काहीतरी चुकते आहे असे त्यांनी मानले आणि शाळा उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, मोजणी. तिला नाव पडले अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज तुमच्या गावात जी अंगणवाडी आहे, तिच्या नावाचा उगम त्या बोर्डीच्या अंगणात आहे.

महागड्या साहित्यालाही त्यांनी तोड काढली. चिंचोके, बिया, शिंपले, पाने, खडे, मातीची भांडी, हेच साहित्य. १९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींची वस्ती. मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. ती कुरणशाळा झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्या गेल्या.

कोसबाडला कृषी विज्ञान केंद्रही आहे. आम्ही शेतकी खात्याची माणसे त्या टेकडीला चिकू आणि भाजीपाल्यासाठी ओळखतो. पण रोपवाटिकेइतकेच मोलाचे काम त्या टेकडीवर मुलांचे झाले, हे आपण विसरू नये.

आपल्या शाळेत काय करता येईल?

आता तुम्ही म्हणाल, ती माणसे थोर होती, आमच्या दोन शिक्षकी शाळेत हे कसे व्हायचे? जमते. पूर्वीपेक्षा आज वातावरण अनुकूल आहे. शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ साली मूल्यवर्धन नावाचा कार्यक्रम सुरू झाला. जोडीने बोलणे, गटात काम करणे, खेळ, चर्चा यांतून मूल्ये रुजवावीत, नुसते प्रवचन करू नये, हा त्याचा गाभा. पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही गेला. म्हणजे वाट तयार आहे. आपल्या शेतीच्या सामानातून करता येतील असे पाच उपक्रम मी देतो. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी ते गुरुजींपुढे, बाईंपुढे ठेवावेत.

१. उगवण चाचणी. मे महिन्याची सुटी संपून शाळा उघडते तेव्हा पेरणीची घाई असते, म्हणून हे काम शेवटच्या परीक्षेनंतर करावे. प्रत्येक मुलाने घरचे सोयाबीन किंवा हरभरा आणावा. औषध लावलेले रंगीत बियाणे मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया थोड्या अंतराने मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करून सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेल्या बिया मोजाव्यात. मांडतानाच प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि शेवटी त्याशेजारी खरा आकडा लिहावा. अंदाज खोडायचा नाही, हा एकच नियम.

इथे शील कुठे आले? आपल्या घरचे बियाणे छप्पन्न टक्के आणि शेजारच्याचे ब्याऐंशी, हे लिहिताना मुलाचा हात अडखळतो. तिथेच शिक्षकाने सांगावे, की छप्पन्न लिहिलेस म्हणून तुझ्या बापाचे रान वाचेल. सोयाबीनची उगवण सत्तर टक्क्यांच्या खाली भरली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते, फारच कमी भरली तर बियाणेच बदलावे लागते. खोटा आकडा लिहिला तर दुबार पेरणी वाट्याला येते. खरे बोलण्याचा फायदा मुलाला रानात दिसतो.

२. पावसाची नोंद. सरळ भिंतींची, सपाट बुडाची बरणी उघड्या जागी ठेवावी. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून फलकावर लिहावी आणि बरणी रिकामी करावी. पाळी दर आठवड्याला बदलावी. पाऊस नसेल तेव्हा शून्य लिहावे. एखादा दिवस राहिला तर "नोंद राहिली" असे लिहावे, मनाने आकडा घालू नये. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकार दरबारी अतिवृष्टी धरतात. शाळेच्या बरणीवर पंचनामा होणार नाही, पण एका आकड्यावर किती घरांचे काय अवलंबून असते, हे मुलांना समजते.

३. मनाचे हवामान. सकाळी हजेरीच्या वेळी मुलाने "हजर" म्हणण्याऐवजी आज मनात ऊन, ढग की पाऊस, एवढेच सांगावे. कारण विचारू नये. सांगावेसे वाटले तर मूल मागाहून येऊन सांगते. आपल्याला राग आला आहे, भीती वाटते आहे की वाईट वाटते आहे, हे ज्याला ओळखता येते त्याला ते आवरताही येते. आपल्याकडे मोठ्या माणसांनाही हे जमत नाही. मग बाजारातला राग बैलावर निघतो, नाही तर घरात निघतो. ज्या मुलाच्या मनात रोज पाऊस आहे, त्याच्या घरी जाऊन यावे, हेही शिक्षकाला यातून कळते.

४. भांडणाचे घोंगडे. वर्गाच्या कोपऱ्यात एक घोंगडे ठेवावे. ज्या दोघांचे भांडण झाले त्यांनी तिथे समोरासमोर बसावे. पहिल्याने आपली बाजू सांगावी. दुसऱ्याने आधी, "तू असे म्हणालास" हे त्याच्याच शब्दांत परत सांगावे, मगच आपली बाजू मांडावी. शिक्षकाने निवाडा देऊ नये, फक्त क्रम पाळला जातो का ते पाहावे. दुसऱ्याचे म्हणणे तोंडाने परत सांगताना निम्मा राग उतरतो. बांधावरची भांडणे कोर्टात वीस वर्षे चालतात. त्यातल्या किती माणसांनी समोरच्याचे म्हणणे एकदा तरी पुरते ऐकले असेल?

५. तीन ओळींची वही. शाळा सुटण्यापूर्वी पाच मिनिटे. आज मी काय केले, त्यात काय चुकले, उद्या काय करीन. तीनच ओळी. ही वही मुलाची स्वतःची. त्याने दाखवली तरच शिक्षकाने वाचावी, त्यात लाल शाई वापरू नये आणि त्यातल्या चुकीबद्दल शिक्षा तर कधीच करू नये. एकदा जरी शिक्षा झाली, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळी मुले "आज काही चुकले नाही" असेच लिहू लागतील, आणि ती वही पुन्हा सुविचाराची वही होईल.

या पाचही उपक्रमांना खर्च जवळजवळ नाही. एक मात्र लागते. शिक्षकाने स्वतःची चूक वर्गात मोकळेपणी सांगावी. "काल मी फळ्यावर गणित चुकीचे सोडवले, ते आज दुरुस्त करू या," असे गुरुजी म्हणाले, की वर्गातली निम्मी भीती गेली. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः झाडून नीट लावत. मुले लाजून आपणहून कामाला लागत. त्यांच्या त्या झाडूने जे साधले, ते रागावून साधले नसते.

घरचा अभ्यास

शाळा पाच-सहा तासांची. बाकीचे मूल आपले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सोसायटीचा माणूस वसुलीला दारात आला की आपण आत बसून पोराला पाठवतो, "जा, सांग, आबा घरी नाहीत." पोरगे जाऊन सांगते, "आबा म्हणाले, आबा घरी नाहीत." आपण हसतो आणि चार लोकांत हा किस्सा रंगवून सांगतो. पण त्या लेकराने त्या दिवशी काय शिकले? डेअरीत घालायच्या दुधात आपण तांब्याभर पाणी घालतो, तेव्हाही ते शेजारीच उभे असते.

म्हणून घरी तीन गोष्टी करू या. पहिली, मुलाने आपणहून चूक सांगितली तर त्या चुकीबद्दल मार नाही, हा घरचा कायदा करा. नुकसान झाले असेल तर त्याच्या वयाला झेपेल तेवढे त्याच्याकडून भरून घ्या. माठ फोडला तर आठवडाभर पाणी भरण्यात मदत, एवढे पुरे. दुसरी, मुलाला एक काम पूर्णपणे त्याचे द्या. चार कोंबड्या, एक शेळी, परसातला एक वाफा, काहीही. वाफा वाळला तरी आपण गुपचूप पाणी घालू नका. वाळू द्या, मग शेजारी बसून विचारा, काय झाले? हे काम मुलीला जसे द्याल तसेच मुलालाही द्या. भांडी आणि झाडू ही काही मुलींचीच शाळा नव्हे. तिसरी, आपली चूक मुलांदेखत कबूल करा. "मी उगाच रागावलो," हे चार चाँद लावणारे वाक्य नाही, पण बापाच्या तोंडून ते एकदा ऐकलेले मूल आयुष्यभर विसरत नाही.

काही जण म्हणतील, मारले नाही तर पोरे बिघडतील. नियम नकोत असे मी म्हणत नाही. ओल्या रानात औत घालायचे नाही हा नियमच आहे. पण तो नियम मातीसाठी आहे, बैलाला घाबरवण्यासाठी नाही. मुलाला नियमाचे कारण समजले आणि मोडल्याचा परिणाम दिसला, की ते नियम पाळते. भीतीने पाळलेला नियम गुरुजींची पाठ वळली की मोडतो, हे मी स्वतः मोडून पाहिले आहे.

त्या कपाशीच्या गावी मी पुन्हा गेलो होतो. शाळेत उगवण चाचणी घ्यायची होती. आबांची ती मुलगी वर्गात होती. गोणपाट अंथरण्यापूर्वी मी मुलांना पृथ्वीच्या गोलाची गोष्ट सांगितली. मी मॉनिटर होतो, गोल माझ्या हातून पडला, मार दुसऱ्याने खाल्ला आणि मी बोललो नाही, हे सगळे सांगितले. वर्ग एकदम शांत झाला. मग एका पोराने विचारले, "साहेब, आता तो मुलगा भेटला तर काय म्हणाल?" मी म्हटले, "आधी चूक सांगेन, मग क्षमा मागेन." सात दिवसांनी मुलांनी बिया मोजल्या. त्या मुलीच्या घरच्या बियाण्याचा आकडा वर्गात सगळ्यात कमी भरला. तिने तो खोडाखोड न करता लिहिला आणि वही घरी नेली. आबांनी त्या वर्षी बियाणे बदलले.

खरिपाची तयारी करताना बियाणे तपासाल, खते आणाल, पंप धुऊन ठेवाल. त्याबरोबर एवढेही करा. आज रात्री जेवताना मुलांना आपली एक जुनी चूक सांगा. मग त्यांना बोलू द्या.